रात्री दोन, दुपार एक

मराठीत ‘बोट लागली’ याचे दोन अर्थ होतात. एक, बोट धक्क्याला लागली. दोन, बोट माणसाला लागली. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ल्याकडे निघालेल्या चाकरमान्याच्या वाट्याला बहुधा आधी दुसरा अर्थ यायचा आणि मग पहिला. तोही पुरता नाहीच, कारण बऱ्याच बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला जात. पण त्याला कुठेतरी पोचायचं होतं. पुढे शिमगा होता, घर होतं. आजच्या वीकेंड क्रूझवाल्याला कुठेच पोचायचं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं आणि रविवारी सकाळी मुंबईतच उतरायचं. मग प्रश्न पडतोच: एवढे पैसे मोजून जावं का?

जाहिरातीत ‘2 रात्री, 3 दिवस’ असं लिहिलेलं असतं. त्यातले तीन दिवस खरे मानू नयेत. समजा, बोट शुक्रवारी पाचला सुटते आणि रविवारी नऊला लागते. म्हणजे चाळीस तास. झोपेचे चौदा गेले. जेवणं, नाश्ते आणि त्यांच्या रांगा यांचे सहा गेले. दोन संध्याकाळच्या कार्यक्रमांचे चार गेले. सुरक्षा कवायत, लिफ्टची वाट पाहणं, खोली सापडेपर्यंत चुकीच्या बाजूला चालत जाणं आणि शेवटी बॅग भरणं, यांत आणखी चार. हाती उरतात बारा तास, आणि त्यांतला उजेडातला बहुतेक भाग शनिवारचा. दोन रात्रींच्या भाड्यात धड दुपार एकच मिळते. तीन रात्री घेतल्या तर दुपारी दोन होतात, चार घेतल्या तर तीन. एकूण भाड्याला रात्रींनी न भागता दुपारींनी भागून पाहिलं की स्वस्त वाटणारी दोन रात्रींची सफर बहुतेक वेळा सगळ्यात महाग निघते. पुण्या-नाशिकच्या माणसाने त्यात शुक्रवारची रजाही धरावी, कारण बोर्डिंग दुपारीच सुरू होतं आणि उशिरा येणाऱ्यासाठी बोट थांबत नाही.

एकूण भाडं म्हणजे जाहिरातीतला आकडा नव्हे. त्यावर बंदर शुल्क, सेवेची बक्षिसी आणि जीएसटी चढतो. दर माणशी असतो, पण खोलीत दोघं आहेत असं धरून. एकटा माणूस गेला तर दुसऱ्याच्या न झोपण्याचेही पैसे बरेचदा त्यालाच भरावे लागतात. उलट, त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला दर कमी लागतो. मात्र त्यांची बर्थ भिंतीतून खाली येते आणि तिच्यावर शिडीने चढावं लागतं. आजीला घेऊन जाणाऱ्यांनी हे बुकिंगच्या आधी विचारावं. जेवण भाड्यात धरलेलं असतं, दारू आणि बहुतेक थंड पेयं नसतात. पेयांचं पॅकेज घ्यायचं तर खोलीतल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावं लागेल का, हेही विचारावं. एक पिणारा आणि तीन ताकवाले अशा कुटुंबाचा हिशेब तिथेच फिसकटतो.

मुंबईहून 2021 पासून फिरणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाचा जन्म मोठा समर्पक आहे. 1990 साली फ्रान्समध्ये बांधून झालं तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि ते घडवलंच होतं अमेरिकेतून बहामाजला जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. म्हणून त्याच्या खोल्या आटोपशीर आहेत. माणसाने खोलीत बसूच नये, बाहेर पडून खर्च करावा, हा हिशेब तेव्हाचा. आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या खोलीत दोन बॅगा उघडून ठेवल्या की तिसऱ्या माणसाला उभं राहायला पलंगच उरतो. बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली सारणं हा त्यावरचा उपाय. प्लगच्या जागा थोड्या, आणि एक्स्टेंशन बोर्ड, इस्त्री, किटली आगीच्या भीतीने चालत नाहीत. म्हणून तीन-चार यूएसबी तोंडांचा एक चार्जर न्यावा. संडास हवेच्या ओढीवर चालतो. त्यात कागदी रुमाल टाकला तर आपल्याबरोबर शेजाऱ्यांचाही तुंबू शकतो.

आता बोट लागण्याविषयी. कान सांगतो हलतंय, डोळा सांगतो भिंत स्थिर आहे, आणि या भांडणात पोट ढवळतं. म्हणूनच बिनखिडकीच्या खोलीत पडून राहणं हा वाईट उपाय आहे. क्षितिज दिसेल अशा जागी, वाऱ्यावर यावं. जहाज सी-सॉसारखं हलतं. टोकांना उचल जास्त आणि मधोमध कमी. खालचा मजला आणि जहाजाच्या लांबीचा मध्य इथली खोली सर्वांत शांत. वरची, पुढच्या टोकाची, भारी दराची खोली नाजूक पोटाच्या माणसाला शिक्षा ठरते. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी माशासारखे पर असतात, ते डोलणं आवरतात. पण त्यांना जोर येतो तो पाणी वेगाने वाहिलं तरच. कुठेच न जाणारी वीकेंड सफर सावकाश चालते, कारण वेग दुप्पट करायचा तर इंजिनाला साधारण आठपट ताकद लावावी लागते आणि तेलाचं बिल त्याच वाटेने चढतं. वेग कमी की परांचा जोरही कमी. म्हणून गोव्याला जाणाऱ्या जहाजापेक्षा रेंगाळणारं जहाज कधी कधी जास्त डोलतं. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकेलच असं नाही. आल्याची वडी खिशात असावी, आणि पोट रिकामंही ठेवू नये, बुफेने ठासूही नये. हा शेवटचा सल्ला जहाजावर कोणी पाळत नाही. सगळं भाड्यात धरलंय म्हटल्यावर मराठी माणूस ते वसूल करतोच.

महिना निवडणं हाही इलाजच. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याची क्रूझ बंद असते. ऑक्टोबरनंतर समुद्र निवळतो, नोव्हेंबर-डिसेंबर बहुधा उत्तम. फेब्रुवारीच्या सुमाराला अरबस्तानाकडच्या वायव्य वाऱ्यांनी उठलेल्या लाटा कधी कधी आकाश स्वच्छ असतानाही कोकणपट्टीपर्यंत येतात, त्यामुळे निळं आकाश बघून निर्धास्त होऊ नये. बोटीचा अनुभवच नसेल त्याने आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने तासाभराची फेरी मारावी. बंदरातलं पाणी शांत असतं, त्यामुळे तिथे पास झालेला बाहेर पास होईलच असं नाही. पण तिथेच नापास झालेल्याचे बरेच हजार रुपये वाचतात.

चढल्यावर पहिला तास सगळं जहाज बुफेला जातं. त्या वेळी कवायतीची जागा बघून ठेवावी. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे धोक्याची सूचना, तेव्हा आपल्या ठरलेल्या जागी जायचं. फोन विमान मोडवर टाकावा. किनाऱ्याचं नेटवर्क सुटलं की जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क फोनला पकडतं, आणि दोन मिनिटांच्या ‘पोचलो का’चं बिल महिनाअखेरीला येतं.

मग डेकवर जावं. जहाज बंदराबाहेर काढायला बंदराचा पायलट चढलेला असतो. बाहेर पडल्यावर तो चालत्या जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोरशिडीवरून खाली उतरतो आणि शेजारून पळणाऱ्या छोट्या लाँचवर पाय टाकतो. रात्रीच्या रंगमंचावरच्या सगळ्या कसरतींपेक्षा ही कसरत खरी, आणि फुकट. कुलाब्याच्या टोकापुढचं प्राँग्ज दीपगृह, पुढे दक्षिणेला खांदेरी-उंदेरी. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला, परतताना उलट. बाल्कनीचे पैसे भरणाऱ्याने एवढं तरी विचारून घ्यावं. कुठेच न जाणाऱ्या सफरीत जहाज वळत राहतं, तिथे बाजूचा भरवसा नाही. रात्री पुढच्या टोकाकडे जावं. ब्रिजवरच्यांना, म्हणजे जहाज हाकणाऱ्यांना, अंधारातलं दिसावं म्हणून त्या बाजूला दिवे कमी ठेवतात, त्यामुळे मुंबईकराला कधी न दिसणारे तारे तिथे दिसतात. खाली मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे. किनाऱ्यावरचं कुठलंही रिसॉर्ट हे देऊ शकत नाही. बाकी तलाव, गाणी, पनीर, जादूचे प्रयोग लोणावळ्यातही मिळतात.

गोव्याच्या फेरीत मुरगाव बंदराला लागल्यावर लोक पणजी, मंगेशी, शांतादुर्गा सगळं एका दिवसात उरकायला निघतात आणि बहुतेक वेळ टॅक्सीत काढतात. वास्को आणि बोगमाळो एवढंच करावं, नाहीतर उतरूच नये. लोक उतरल्यावर जहाज रिकामं होतं, आणि तलावात पहिल्यांदाच पोहता येतं.

दोन रात्रींची सफर कोणासाठी? तीन पिढ्या, दहा-बारा माणसं, आणि स्वयंपाक कोणी करायचा यावरून दरवेळी फुगणारं कुटुंब, त्यांनी खुशाल जावं. आजोबा पत्ते खेळतील, मुलं तलावात, आणि हरवून हरवून कोणी कुठे हरवेल! समुद्र बघायचा म्हणून निघालेल्या जोडप्याने मात्र त्याच पैशांत चार दिवस गुहागर गाठावं, किंवा थोडे घालून तीन रात्रींची बोट घ्यावी.

उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. दरवेळी कोणीतरी सकाळी घालायची पँटही त्याच बॅगेत भरतं. सकाळी सहाला डेकवर वारा गार असतो, प्राँग्जचा दिवा अजून फिरत असतो, आणि कठड्याशी कोणीच नसतं. खाली पोह्यांची रांग लागलेली असते. त्यात एक जण पायजम्यावर.