आमची वाटचाल : जुना मॅनिफोल्ड, पण तपासलेला

वडिलांनी लातूरला वेल्डिंगचं दुकान टाकलं तेव्हा नांगराचे फाळ आणि ट्रॉलीचे हूक हेच काम असायचं. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी भागात नवी घरं उभी राहू लागली, वाळू-विटांच्या गाड्या वाढल्या आणि इंजिनची कामं दारात आली. जुन्या पार्टचा धंदा मात्र दुष्काळात वाढला. २०१६ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या साली नवा पार्ट घ्यायची ऐपत फार थोड्यांची होती.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनच्या सिलिंडरमधला धूर गोळा करून बाहेर नेणारा पार्ट) तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. उसाची ट्रॉली ओढून लालबुंद झालेला मॅनिफोल्ड रात्री गार होतो, सकाळी परत तापतो. त्यात कोणी गरम इंजिनवर पाण्याचा पाइप धरला की चीर पडलीच म्हणून समजा.

आधी तारेच्या ब्रशने गंज आणि काजळी काढतो. पण त्याच्याही आधी काजळी नीट बघायची. बाहेरच्या अंगाला काळा ओघळ असेल तर तिथून धूर निघत होता, म्हणजे चीर आरपार आहे. मग माठ घेताना मारतो तशी हलकी टिचकी, हातोडीने. आवाज बद्द आला तर संशय घ्यायचा. मात्र आत कार्बन साचला तरी आवाज बसतो, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देत नाही. वडील रॉकेल लावून पुसायचे आणि वर खडू फिरवायचे. चिरेतलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उमटायची. आता चिरेत शिरणारा लाल रंग, म्हणजे डाय, लावून पुसतो आणि वर तो रंग ओढून घेणारा पांढरा डेव्हलपर मारतो. केसाएवढी चीरही लाल होऊन वर येते. शेवटी पोर्ट, म्हणजे धूर आत-बाहेर जायची तोंडं, पट्ट्यांनी बंद करून हलकी हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं; बुडबुडे आले तिथे चीर.

दोन पोर्टच्या मधली, आरपार न गेलेली बारीक चीर बरेचदा चालून जाते. तसं चिठ्ठीवर लिहून, किंमत कमी करून देतो. गॅस्केटच्या फेसपर्यंत, म्हणजे इंजिनला टेकणाऱ्या सपाट बाजूपर्यंत, आलेली किंवा स्टडच्या (बोल्टच्या) भोकातून निघालेली चीर मात्र बाद. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा) जिथे बसतो त्या तोंडातल्या पडद्याला चीर असेल तर जास्तच जपावं लागतं, तुटलेला कपचा पंख्यात गेला की टर्बोही गेला.

'वेल्डिंग मारून द्या ना दादा,' असं रोज कोणीतरी म्हणतं. वर्षानुवर्षं जळलेलं बीड वेल्डिंगच्या निकेल रॉडलाही नीट धरत नाही. तापवून, थोडं थोडं वेल्डिंग मारून, राखेत हळू गार केलं तरी शेजारी नवी चीर निघू शकते. हंगाम तोंडावर असताना शेतकऱ्याला तसा माल देणं मला पटत नाही. गिऱ्हाईक स्वतःचाच मॅनिफोल्ड घेऊन आलं तर करून देतो, गॅरंटी नाही हे आधी सांगून.

आता नांदेड-परभणीचे मेकॅनिक डाय मारलेला फोटो मागवतात आणि मगच माणूस पाठवतात. बाद झालेला नग आम्ही भंगारात टाकण्याआधी घणाने फोडतो. नाहीतर तोच रंग मारून दुसऱ्या दुकानात विकायला ठेवलेला दिसतो.