कॉलम कुठे उभा राहतो, यावर बरेच अवलंबून आहे

पुण्यातल्या कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत सध्या पुनर्विकासाची कामे जोरात आहेत. आरसीसी सल्लागार (इमारतीच्या सांगाड्याचा अभियंता) म्हणून सोसायट्यांच्या सभांना जातो, तेव्हा पर्यावरणाचा विषय निघतोच. पण तो सौर पॅनेल, पर्जन्यजल संधारण आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया यांच्या पुढे सहसा सरकत नाही. या गोष्टी हव्यातच. मात्र इमारतीचा सांगाडा ठरतो त्याच वेळी तिच्यापायी हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा हिस्साही ठरून जातो, आणि त्यावर सभेत कोणी एक प्रश्नही विचारत नाही, याची मला खंत वाटते.

मूळ सिमेंटमध्ये आहे. चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत भाजून क्लिंकर (जो दळून सिमेंट होते) तयार होतो, तेव्हा भट्टीच्या इंधनापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून सुटतो. म्हणून इंधन बदलले तरी हा भाग उरतोच. एक टन ओपीसीमागे (साध्या पोर्टलँड सिमेंटमागे) साधारण 800 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे घनमीटरला 350 किलो सिमेंट घातलेल्या काँक्रीटमागे जवळजवळ 300 किलो. सळईचा हिशेब आणखी जड आहे: लोहखनिजापासून केलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक.

दिवाणखान्यात मधे कॉलम नको, ही मागणी स्वाभाविक आहे. पण दोन आधारांमधले अंतर चार मीटरवरून सहा मीटर झाले की स्लॅबवरचा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम) सव्वादोनपट होतो आणि जाडी तीच ठेवली तर झोल त्याहूनही झपाट्याने वाढतो. मग स्लॅबची जाडी वाढवावी लागते, त्या वजनासाठी बीम, कॉलम आणि फुटिंगही (कॉलमखालचा पाया) वाढते, आणि हे प्रत्येक मजल्यावर घडते.

सर्वांत मोठी उधळपट्टी मात्र पार्किंगच्या डोक्यावर होते. वरच्या खोल्यांच्या भिंतींत बसणारे कॉलम खाली गाड्यांच्या जागेत येतात, म्हणून ते मधेच तोडून दीड-दोन मीटर खोलीच्या ट्रान्सफर गर्डरवर (कॉलमचा भार बाजूच्या आधारांकडे नेणाऱ्या जाड बीमवर) उभे केले जातात. अशा एका गर्डरमध्ये 32 मिलिमीटरच्या सळया इतक्या दाटीने बांधलेल्या होत्या की काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जाण्यासाठी त्यांची मांडणी बदलावी लागली. वास्तविक आर्किटेक्टने पार्किंग आणि फ्लॅट यांची आखणी पहिल्या दिवसापासून एकत्र केली असती, तर त्यातले बहुतेक कॉलम सरळ पायापर्यंत नेता आले असते. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मुरूम आणि काळा पाषाण थोड्याच खोलीवर लागतो, साध्या फुटिंगवर काम भागते. तोच पाषाण ब्रेकरने फोडून दोन-दोन तळघरे करताना हा फायदा आपण हातचा घालवतो.

भिंतींचाही विचार हवा. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतण्याची पद्धत वेगवान आहे, पण त्यात जिथे ब्लॉक पुरला असता तिथेही काँक्रीट जाते. शिवाय काँक्रीटमधून उष्णता एएसी ब्लॉकच्या (हवेचे बारीक पोकळे असलेल्या हलक्या ब्लॉकच्या) कितीतरी पट सहज आत येते. पश्चिमेची अशी भिंत एप्रिलमध्ये रात्री उशिरापर्यंत गरम राहते आणि घरातला एसी चालू राहतो. 2018 च्या इको निवास संहितेने (घरांतील ऊर्जाबचतीच्या केंद्रीय नियमावलीने) घराच्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे, ती याच कारणासाठी.

सिमेंटचा प्रकार बदलणे त्यामानाने सोपे आहे. फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रांतील राख) असलेले पीपीसी किंवा स्लॅगचे (पोलाद कारखान्यातील मळीचे) सिमेंट वापरले की क्लिंकर कमी लागतो. अडचण येते ती वेळेची, कारण या काँक्रीटची ताकद सावकाश वाढते आणि कंत्राटदाराला सेंट्रिंग (काँक्रीटचे साचे आणि टेकू) लवकर सोडवायचे असते. खालच्या मजल्यांच्या कॉलमवर पूर्ण भार यायला अनेक महिने लागतात. तिथे नेहमीच्या 28 दिवसांऐवजी 56 दिवसांनंतरची ताकद गृहीत धरायला काही हरकत नसावी.

काटकसर म्हणजे कमकुवत बांधणे नव्हे, हेही स्पष्ट लिहितो. 1967 चा कोयनेचा भूकंप फार दूरचा नाही. बीम-कॉलमच्या जोडांतील रिंगा आणि डक्टाइल डिटेलिंग (हादऱ्यात सांगाडा न तुटता वाकावा अशी सळयांची मांडणी) यांत एक किलोही कमी करू नये.

सोसायट्यांना माझी विनंती एवढीच आहे की कॉलमच्या किमान दोन वेगळ्या आखण्या मागवाव्यात आणि प्रत्येकीत बांधकामाच्या दर चौरस मीटरला किती सिमेंट व किती सळई लागेल, याचा लेखी तक्ता घ्यावा. नकाशे मंजुरीला जाण्यापूर्वी हे काम होऊ शकते. फुटिंग भरल्यावर त्यात फारसे काही बदलता येत नाही.