आमची वाटचाल : तासाच्या सायकलीपासून डीप सेक्शनपर्यंत

आबांचं दुकान 1978 चं. कोल्हापुरात, दहा बाय बाराचा गाळा, बाहेर ओळीनं 22 काळ्या सायकली, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, आणि भाडं तासावर. सात नंबरची घंटी चांगली होती म्हणून पोरं तिच्यासाठी भांडायची. ओव्हरहॉलिंगला सगळं गाव 'ओव्हरऑइलिंग' म्हणायचं, आम्ही पण बोर्डावर तसंच लिहिलेलं, कोणाला काही खटकलं नाही. आबा रिंगचा आऊट (वाकडेपणा) काढायचे तेव्हा तारेवर नख मारून ऐकायचे, सूर ढिला लागला की निपलला, म्हणजे तार ताणणाऱ्या छोट्या नटाला, पाव फेरा. आज माझ्याकडे तारेचा ताण मोजायचा टेन्शन मीटर आहे, ट्रुइंग स्टँड आहे, डायल गेज आहे, पण चाक पूर्ण झाल्यावर मी अजून एकदा नखानं वाजवून बघतोच. मागच्या चाकाची गिअरकडची बाजू 120 किलोच्या आसपास ताणलेली असते आणि दुसरी बाजू जवळपास निम्म्यावर, त्यामुळे दोन्हीकडचे सूर वेगळे येतात. नवीन पोरांना वाटतं चूक झाली. चूक नाही, डिशिंग आहे, म्हणजे एका बाजूला गिअर असूनही रिम मधोमध राहावी म्हणून ताण मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला.

मी 2011 ला चाकं बांधायला लागलो. तेव्हा कोल्हापुरात ट्रायथलॉनवाले (पोहणं, सायकल, धावणं एकाच रेसमध्ये) हाताच्या बोटावर मोजण्याइतके, सगळे पहाटे हायवेला भेटायचे, संध्याकाळी राजाराम तलावावर पोहायला. दुकानात माझ्याबरोबर एक मित्र होता भागीदार, त्याचं नाव लिहीत नाही, तो आता दुसऱ्या धंद्यात सुखी आहे. पहिला टेन्शन मीटर त्याच्या पैशानं आला हे मात्र लिहिलंच पाहिजे. सुरुवातीची चार-पाच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते 2016-17 चं.

तेव्हा सगळ्यांना कार्बनची डीप सेक्शन पाहिजे होती, म्हणजे वारा कापणारी उंच रिमची चाकं. मोठ्या ब्रँडची जोडी दीड-दोन लाखाला, आपल्याकडच्या माणसाला ते झेपत नाही, मग मी बाहेरच्या देशातून थेट रिम मागवल्या, 30 जोड्या, 50 मिमी उंचीच्या, रिम ब्रेकच्या, म्हणजे ब्रेकचं पॅड थेट रिमला घासणाऱ्या. रिम आणि कस्टम धरून सहा लाखाच्या वर गेले. हब (चाकाचा मधला भाग) चांगला, तारा चपट्या चांगल्या कंपनीच्या, निपल पितळी, बांधणी माझी. जोडी 52 हजारला. 19 जोड्या गेल्या, आणि मी तेव्हा इतका खूश होतो की आबांना म्हटलं बाहेरच्या 22 सायकलींची जागा आता शोकेसला लागेल.

जूनमध्ये एक गिऱ्हाईक गगनबावड्यावरून भुईबावडा घाट उतरत होता. जड माणूस, 86 किलो, रस्ता ओला, घाट खडा, पूर्ण उतार ब्रेक धरून. खालून फोन आला, म्हणाला मागचा ब्रेक धक् धक् मारतोय. मी म्हटलं तिथंच थांबा, चढू नका सायकलवर. टेम्पो घेऊन गेलो. रिमच्या ब्रेक ट्रॅकवर बोट फिरवलं तर एका जागी कार्बन बाहेरच्या बाजूला फुगलेला, चपातीला फुगा येतो ना तसा, साधारण चार इंच लांब. आणखी दोन वळणं असती तर टायर निसटला असता. त्या रात्री जेवलो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (माहीत असेल तर पुढे जा). कार्बन म्हणजे धागे, आणि धागे धरून ठेवणारं रेझिन. ब्रेक पॅड घासून रिम तापते, कार्बन अ‍ॅल्युमिनियमसारखी उष्णता पसरवून टाकत नाही, एकाच जागी साठते. रेझिन हलकं असेल तर ठराविक तापमानाला मऊ पडतं आणि आत 100 पीएसआय हवा बसलेलीच असते, ती भिंत बाहेर ढकलते. म्हणजे दोष कार्बनचा नाही, रेझिनचा. आणि रेझिन डोळ्यांनी दिसत नाही, विकणाऱ्याला पण दिसत नाही. मला नाही दिसलं.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत, शिरोलीला त्यांची फौंड्री, सगळे अण्णाच म्हणतात. सकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, फौंड्रीतली टेम्परेचर गन दिली आणि म्हणाले, आधी मोजूया, मग रडूया. ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) सायकल लावली, त्यांचा एक पोरगा पेडल मारायला बसवला, मागचा ब्रेक दोरीनं अर्धवट आवळून ठेवला, आणि मी गन धरून उभा. 148 अंशाला रिमची भिंत फुगायला लागली, डोळ्यादेखत. मग अण्णांनी स्वतःचं जुनं इम्पोर्टेड चाक लावायला लावलं, ते 170 च्या वर गेलं, पॅडचा वास सुटला, पण रिम जशीच्या तशी. पोरगा घामानं निथळत होता, त्याला अण्णांनी दोन ग्लास ताक पाजलं. मी तिथंच फौंड्रीच्या पायरीवर बसून 19 जणांना फोन केले.

पैसे परत, नाहीतर दुसरी चाकं, तुम्ही म्हणाल ते. 19 गुणिले 52 हजार, तुम्हीच करा हिशेब. भागीदार म्हणाला एकाचीच फुगलीये, बाकीच्यांना कशाला सांगतोस, सपाटीवर चालवतात ते. मी म्हटलं कोल्हापूरचा माणूस कोकणात उतरणार नाही असं लिहून देशील का? तो त्या महिन्यात बाजूला झाला, भांडण नाही झालं, पण झालं ते झालं. बायकोचे दागिने बँकेत गेले. आबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुकान उघडून पंक्चर काढायला बसले, वय वर्षं 71.

आता दुसरी गोष्ट, जी आजवर कुठं लिहिली नव्हती. आपल्याच धंद्यातला एक जण, नाव घेणार नाही, त्यानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुगलेल्या रिमचा फोटो फिरवला, खाली लिहिलं "घरगुती चाकं घ्या आणि घाटात मरा". फोटो मीच सगळ्यांना सावध करायला पाठवला होता. ठीक आहे, चूक माझी होती, ऐकून घेतलं. पण दोन महिन्यांनी त्याच्याकडून घेतलेली एक जोडी माझ्याकडे आऊट काढायला आली, वर मोठ्या परदेशी ब्रँडचं स्टिकर, किंमत 95 हजार. टायर काढला, रिम टेप काढली, आत बघतो तर तोच साचा, व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी तोच गोल शिक्का, तीच विणीची जोडणी. माझीच रिम! फक्त 43 हजार रुपयांचं स्टिकर लावलेली. त्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं घाटात नेऊ नका. त्याला वाटलं मी जळतोय म्हणून बोलतोय. त्या माणसानं आजपर्यंत एक चाक परत घेतलेलं नाही, आणि शहरात त्याचं शोरूम माझ्यापेक्षा मोठं आहे.

19 पैकी 18 जणांनी पैसे घेतले, त्यांचा हक्कच होता. उरल्या त्या इचलकरंजीच्या डॉक्टर मॅडम. एसटीनं आल्या, दोन्ही चाकं जुन्या चादरीत गुंडाळून, काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "पैसे नकोत, दुसरी बांधून द्या, आणि ह्यावेळी मी काय मागते ते ऐकू नका, मला काय पाहिजे ते द्या." कारण पहिल्यांदा त्यांनी पुढे-मागे 80 मिमी मागितली होती, फोटोत बघून. वजन 52 किलो. मी 80 द्यायला नकार दिला होता, 50 वर त्या नाखुशीनंच तयार झालेल्या.

इथं जरा थांबून सांगतो, कारण रोज फोन येतो "50 घेऊ का 80". तुम्ही 35 च्या स्पीडनं चाललाय आणि बाजूनं वारं 10 चं, तर चाकाला वारा समोरून नाही, साधारण 16 अंश तिरका लागतो. डीप रिम त्या तिरक्या वाऱ्यात शिडासारखी काम करते, म्हणून तर फायदा. पण ठराविक कोनाच्या पुढे हवा रिमला चिकटून राहत नाही, एकदम सुटते, आणि हँडलला झटका बसतो. जुन्या निमुळत्या व्ही आकाराच्या रिम ह्यात जास्त वाईट, आताच्या रुंद गोलसर पोटाच्या बऱ्याच शांत. झटका बसतो तो पुढच्या चाकाला, कारण ते हँडलबरोबर वळतं. मागचं वळत नाही, वर तुमचं वजनही तिकडेच जास्त. म्हणून पुढे कमी, मागे जास्त. 52 किलोच्या माणसाला मी पुढे 40-45 आणि मागे 60 देईन, 75 च्या पुढच्याला 60 आणि 80 चालेल. एअरोबारवर (पुढे वाकून कोपर टेकायच्या हँडलवर) पडून राहता आलं तरच फायदा आहे, 80 लावून भीतीनं बाहेरचं हँडल धरून बसलात तर त्यापेक्षा आबांची सात नंबर बरी. हवाईत कोनाला, आयर्नमन ट्रायथलॉनच्या जागतिक स्पर्धेत, मागचं डिस्क व्हील (तारांऐवजी पूर्ण बंद चाक) लावू देत नव्हते ते उगाच नाही.

आणि चाकांच्या आधी स्वतःकडे बघा. हवा अडवणारं मुख्य धूड तुमचं शरीर आहे, चाकं त्यामानानं थोडी. आधी बाइक फिट (सायकल अंगाच्या मापाला बसवणं), मग अंगाला बसणारे कपडे, हेल्मेट, चांगले टायर, मग चाकं. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो आणि ते माझ्याकडून ऐकून चाकं दुसरीकडून घेतात. असो.

टायर रिमपेक्षा रुंद नको. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या खऱ्या रुंदीच्या 105 टक्के तरी पाहिजे, नाहीतर डीप रिमचे पैसे पाण्यात. खरी रुंदी म्हणजे हवा भरून कॅलिपरनं मोजलेली, टायरवर छापलेली नाही, रुंद रिमवर 25 चा टायर 27 पण भरतो. हुकलेस रिम (टायर अडकवायला आत आकडा नसलेली) असेल तर 5 बार म्हणजे 72 पीएसआयच्या वर जायचं नाही, आणि टायर हुकलेसला चालणाराच पाहिजे. आमच्याकडे अजून लोक 120 भरतात, का तर पूर्वीपासून भरतात. गोव्यात रेसला मिरामारला समुद्राची हवा आणि अंगातला घाम, दोन्ही खारं, कार्बन रिममध्ये अ‍ॅल्युमिनियमचे निपल असले की पांढरी पूड धरून अडकतात, फिरवायला गेलं की तुटतात. पितळी घ्या, 20-30 ग्रॅम वाढतील, वाढू देत, सकाळी एक पुरी कमी खा. आणि रोड रेसवाल्यांनो, यूसीआयनं (सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं) 2026 पासून सामूहिक स्टार्टच्या, म्हणजे सगळे एकत्र सुटतात त्या, रेसला रिमची उंची 65 मिमीपर्यंतच ठेवलीये, 80 घेताना कशासाठी घेताय ते ठरवा.

तर मॅडमना 45 आणि 60 बांधून दिली. चाकं त्यांनी अजून बदललेली नाहीत, फक्त हबचे बेअरिंग दोनदा आणि एक तार, ती पण कारच्या डिकीत वाकलेली. इचलकरंजीहून त्यांनी पाठवलेली गिऱ्हाइकं मोजली तर त्या 19 जोड्यांपेक्षा जास्त भरतील. दरवेळी फोन करून मला विचारतात, "खरं सांगितलंस ना त्याला?"

उरलेल्या 11 जोड्या आणि परत आलेल्या सगळ्या रिम मी हॅकसॉनं कापल्या, जेणेकरून कोणाच्या हाती लागू नयेत. मास्क लावून कापा कधी कापायची वेळ आली तर, कार्बनची धूळ वाईट. एक अर्धी ठेवलीये भिंतीवर, फुगलेला भाग बाहेर. मग हबजवळच्या चकतीला धरणारे डिस्क ब्रेक आले, रिमला घासणारं काही राहिलंच नाही, हा सगळा प्रश्नच निकालात निघाला. पाच वर्षं थांबलो असतो तर दागिने घरात असते.

2019 ला गोव्यात 70.3, म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमन ट्रायथलॉन, सुरू झाली. 90 किलोमीटर सायकल, ड्राफ्टिंग (पुढच्याच्या आडोशाला चालवणं) बंद, म्हणजे वारा एकट्यानं खायचा. वर्षातून एका रेससाठी लाखभर घालणं सगळ्यांना जमत नाही, मग मी चाकं भाड्यानं द्यायला लागलो. आबा हसले, म्हणाले तासावर का? म्हटलं, नाही, शुक्रवार ते सोमवार. 2020 ला सगळं बंद, मग सायकलींना अचानक मागणी, मग परत ओस, त्यावर सगळ्यांनीच लिहून झालंय. कर्ज 2022 ला फिटलं. आबा आता दुकानात येतात ते खुर्चीवर बसायला, पण भाड्याच्या वहीत नाव लिहिताना अजून विचारतात, ओळखीचा आहे का.

तो मोठ्या शोरूमवाला आता अवघड कामं माझ्याकडे पाठवतो, त्याच्या पोराबरोबर. मी चाकाचे 400 घेतो, सगळ्यांना तेवढेच.

ह्या सीझनला भाड्याच्या सहा जोड्या आहेत (आधी पुढची उंची, मग मागची): 45/60 च्या दोन, 50/50 च्या तीन, 60/80 ची एक. वजन विचारणार, खोटं सांगू नका. न्यायच्या आधी राजाराम तलावाकडच्या रस्त्यावर वारं सुटलेलं असताना एक तास चालवून बघायची, रेसच्या सकाळी पहिल्यांदा बसायचं नाही. व्हॉल्व्ह एक्स्टेंडर (उंच रिममधून व्हॉल्व्ह बाहेर यावा म्हणून जोडायची नळी) टेफ्लॉन टेप लावून आम्हीच बसवून देतो, आत खडखड होऊ नये म्हणून भोकापाशी टेपचा तुकडा पण असतो, तो काढू नका. आणि एक्स्टेंडर परत आणा. गेल्या वर्षी 12 गेले आणि 5 आले, मॅडमच्या ओळखीचे पण त्यात होते.