फडफडती बत्ती

आळेफाट्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकून मला अठरा वर्षं झाली. टोमॅटोचा हंगाम लागला की दुपारनंतर दारात पिकअपच पिकअप. नारायणगावला क्रेट भरायचे आणि माळशेज उतरून रात्रीतून वाशी गाठायची. बत्ती बिघडलेली असली तरी दिवसभर तिची आठवण कुणाला नसते. माल भरून झाला, अंधार पडायला तासभर उरला, की मग दुकानासमोर हॉर्न.

हाही असाच आला. जून संपत आलेला, घाटात धुकं उतरायला लागलेलं. "मिस्त्री, दोन्ही बत्त्या फडफडतात. खड्ड्यात गेलो की जास्त."

आधी दोन ठिकाणी हात लागून झाला होता. एकाने डायनामो खोलून चार्जिंग आवरणारा कटआऊट बदललेला. दुसऱ्याने उजेड कमी पडतो म्हणून ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० चे टाकले होते. ते बल्ब बघूनच माझं डोकं फिरलं, कारण होल्डरचं प्लास्टिक भाजून तपकिरी झालं होतं. पण मागे ऐंशी क्रेट आणि ड्रायव्हरचा एक डोळा घड्याळावर. मी बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहिले, घट्ट होते. गाडी चालू करून मीटर लावला, १३.९ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीक. बत्तीला करंट जोडणाऱ्या रिलेला बोट लावलं तर ती गरम लागली. तेवढ्यावर नवी रिले टाकली, बत्ती स्थिर दिसली, पैसे घेतले.

उभ्या गाडीत स्थिर दिसणारच होती. एवढं कळायला मला दुसरी संध्याकाळ लागली.

तो परत आला तेव्हा शिव्या दिल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाला, "घाटात एका वळणावर दोन सेकंद काहीच दिसलं नाही. मग पुढच्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून उतरलो." मी पोराला चहा सांगायला पाठवलं आणि बॉनेट उघडलं. चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, "आणि एक गंमत. इंडिकेटर लावला की बत्तीपण त्याच्यासंगं टिकटिक करती."

"हे काल का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच नाही."

खरं होतं. इंडिकेटरच्या तालावर हेडलाईट मंद होत असेल तर दोघांची कुठली तरी वाट एकच आहे आणि ती अडली आहे. प्लसकडे दोघांचे फ्यूज वेगळे. एक आहे ती परतीची वाट, अर्थ. पाटाला पाणी कुठून येतं ते सगळे बघतात, शेतातून बाहेर कुठे जातं ते तुंबल्यावरच आठवतं.

बत्ती चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या पिनेला लावली. तिथे ०.२ व्होल्टच्या आत काटा हवा. दिसले २.६. बल्बच्या दोन टोकांत मोजले तर जेमतेम १०.८ व्होल्ट. बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तरी उजेड जवळपास एक तृतीयांश घटतो, इथे तर त्याहून जास्त गळती. त्यात मोठे बल्ब जास्त करंट ओढत होते, म्हणजे खराब अर्थवर आणखी ओझं. उजेड वाढवायला टाकलेल्या बल्बनेच उजेड खाल्ला होता.

खात्रीसाठी वायरचा एक तुकडा बॅटरीच्या मायनसपासून थेट त्या पिनेला टेकवला. समोरच्या भिंतीवर भक्कन उजेड पडला. ड्रायव्हर कप हातात घेऊनच उठला.

अर्थचा बोल्ट बॅटरीखाली, डाव्या एप्रनवर, म्हणजे बॉनेटच्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर. काल मी तो पाहिलाही होता. वायर ओढली, हलली नाही, म्हणून सोडून दिला. आता खोलला. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, स्वच्छ, बोल्ट नवा, आणि त्याखाली पत्र्यावर पांढराशुभ्र, चकचकीत रंग! गाडी दीड महिन्यापूर्वी समोरून ठोकली होती. डेंटिंग-पेंटिंग झालं आणि रंगावरच थिंबल आवळलं गेलं. करंट जात होता तो फक्त बोल्टाच्या आट्यांतून, आणि त्यांतही रंग शिरून वर गंज धरलेला. खड्ड्यात धक्का बसला की तेवढाही आधार सुटायचा.

पॉलिश पेपरने पत्रा उघडा होईपर्यंत घासला, आटे साफ केले, काटेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला, वरून ग्रीस चोपडलं. बॅटरीच्या मायनसपासून एक जादा वायरही ओढली, माझ्याच समाधानासाठी. होल्डर नवे, बल्ब परत ६०/५५. मीटर लावला: अर्थवर ०.०६, बल्बवर १३.४. मालाच्या वजनाने मागचा भाग दबून बत्ती आभाळाकडे बघत होती, तीही खाली केली. आणि या खेपेला पोराला दुकानात बसवून मी स्वतः गाडीत बसलो, ओतूरच्या दिशेने खराब रस्त्यावर जाऊन आलो. इंडिकेटर लावला. बत्ती ढिम्म.

रिलेचे पैसे परत द्यायला गेलो तर त्याने घेतले नाहीत. जुनी रिले तेवढी मागून घेतली, "असू दे डिक्कीत," म्हणून. ती चांगलीच होती.

रंग मारणारा माझ्यापासून चार दुकानं पलीकडे बसतो. रात्री शटर ओढताना त्याला गाठून बोल्टाखालच्या रंगाबद्दल झापलं. त्याने शांतपणे हात पुसले. "मागच्या वर्षी उघडा पत्रा ठेवला, तर गंज धरला म्हणून तूच बोंबललास की."


मला ते आठवत होतं.