आमची वाटचाल : परत आलेल्या चाळीस टोपल्या आणि कँडीचे चार दिवस

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. घर बुरडाचं, त्यामुळे सूप, टोपली, डालं, लग्नाच्या परड्या हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलंच होतं. त्याला धंदा म्हणायला आम्ही २०१७ नंतर लागलो. त्या वर्षी कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू सरकारच्या लेखी ‘झाड’ राहिला नाही. मामांच्या धुऱ्यावरचा मानवेल बांबू घरी आणायची कटकट बरीच कमी झाली. मी, माझी धाकटी जाऊ, सासूबाई आणि मोहल्ल्यातल्या सहा बाया, एवढ्यांवर काम सुरू झालं. जाऊ चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकून आली आणि तिनं दिवे, ट्रे असा शहरी माल काढला.

पहिली मोठी ऑर्डर नागपूरच्या एका दुकानाची होती. चाळीस टोपल्या, आणि चाळीसही परत. विणीत खोट नव्हती. दुकानदाराला त्या एकात एक बसवून रचायच्या होत्या आणि त्या बसेनात, कारण प्रत्येकीचं तोंड वेगळं. सासूबाई म्हणाल्या, “एका मायचे लेकरं तरी सारखे रायते का?” म्हणणं खरंच होतं, पण जाण्यायेण्याचं टेम्पोभाडं आमच्याच अंगावर पडलं.

पुढे एका प्रदर्शनात श्रीलंकेतल्या एका प्रशिक्षकांशी ओळख झाली आणि वर्षभरानं बोलावणं आलं. कँडीला चार दिवसांची कार्यशाळा, राहणं-खाणं त्यांचं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “टोपलं शिकवाले कोनी इमानात बसते का वं?” शेजारच्या आजीनं मात्र हातात पन्नासाची नोट कोंबली. तिच्या वडिलांनी १९५६ साली चंद्रपूरला दीक्षा घेतली होती, आणि १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला, गेले होते हे तिला तोंडपाठ. तिचं एकच सांगणं : कँडीला बुद्धांचा दात जपलाय, त्या दाताच्या विहारात माझ्या नावानं कमळ वाहा.

कोयते, सुऱ्या चेक-इनच्या बॅगेत गेल्या. बांबू नेता आला नाही. हिरवा माल दुसऱ्या देशात न्यायला परवानग्या लागतात, तेव्हा तिथलाच वापरायचं ठरलं.

उतरलो क्वीन्स हॉटेलात. दीडशे वर्षांहून जुनी पांढरी इमारत, समोर दलदा मालिगावा, म्हणजे आजीचं ते दाताचं विहार, आणि शेजारी १८०७ साली कँडीच्या शेवटच्या राजानं बांधलेला तलाव. पायांखाली लाकडी जमीन करकरायची. आम्ही दोघी पहिल्या रात्री चप्पल हातात घेऊन चाललो, उगाच कोणी रागवायला नको. दुसऱ्या दिवशी जावेनं बैठकीतली वेताची खुर्ची उलटी करून खालची वीण बघायला सुरुवात केली. वेटर धावत आला. काही तुटलं का म्हणून विचारत होता बिचारा. वीण सोडवलेली नाही, फक्त मोजतोय, हे त्याला हातवाऱ्यांनी पटवलं. पहाटे साडेपाचला समोर पूजेचे ढोल सुरू झाले की आम्ही उठायचो. घरी त्या वेळेला सडा पडतो.

शिकायला चौदा जण होते. अर्धे पर्यटक, अर्धे तिथलेच कारागीर. बांबू आला तो पिवळा, हिरव्या रेघांचा. दिसायला देखणा, पण आतून पोकळ आणि पिठूळ. असल्या बांबूत साखर-पीठ जास्त, म्हणून भुंगा लवकर लागतो. आमचा मानवेल जवळजवळ भरीव, एका पेराला सुरी लावली की हाताला उत्तर देतो. हा मात्र मध्येच फाटा बदलायचा.

पहिला दिवस वाया गेला, आणि त्यात दोष बांबूचा कमी, माझा जास्त. मी म्हणाले, “कामटी अंदाजानं पातळ काढा.” दुभाष्या मुलीनं विचारलं, “किती पातळ?” मी म्हटलं, अंदाजानं. तिनं परत विचारलं, “पण किती?” चौदा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तीस वर्षं कामट्या काढणाऱ्या मला आकडा सांगता येईना. रात्री खोलीत जावेनं मोबाइलचं वेष्टण कापून पुठ्ठ्याला दोन खाचा पाडल्या. माझ्या हातानं निघालेल्या कामट्या त्यात घालून घालून त्या खाचा ठरवल्या, एक उभ्या काड्यांची आणि एक विणायच्या कामटीची. सकाळी तो पुठ्ठा वर्गात फिरवला. दुपारपर्यंत सगळ्यांच्या टोपल्यांचं बूड बसलं.

आणि सूप. सिंहलीत सुपाला ‘कुल्ल’ म्हणतात. एक आजोबा आमचं सूप हातात घेऊन कौतुकानं “कुल्ल, कुल्ल” म्हणत चौघांना दाखवत होते आणि जावेनं पदर तोंडात कोंबला. मी कशीबशी पुढचा टाका सांगितला.

निघायच्या आदल्या दिवशी आजीचं कमळ वाहिलं, मग पेराडेनियाच्या बागेत गेलो. महावेली नदीच्या काठी तिथे राक्षसी बांबू आहे, माणसाच्या मांडीएवढा जाड, शंभर फुटांच्या घरात उंच. जाऊ एका बांबूला मिठी मारून उभी राहिली. “याचं एक पेर कापलं तर पायली होते,” ती म्हणाली. धंद्याची नजर काही सुटत नाही.

एक गोष्ट मात्र टोचली. पर्यटकांनी एक वाकडी टोपली स्वतः विणायला जी फी भरली, तेवढ्यात आमच्याकडे पंधरा सरळ टोपल्या येतात. म्हणून आता हिवाळ्यात ताडोब्याला येणाऱ्यांसाठी आम्ही अंगणात अर्ध्या दिवसाचं शिकवतो, आणि फी सांगताना आवाज खाली करत नाही.

गावी आल्यावर लोहाराकडून पुठ्ठ्यासारखीच लोखंडी पट्टी करून घेतली, चार खाचांची. ती पडवीच्या खांबाला टांगली आहे. प्रत्येक कामटी तिच्यातून काढायची, मग विणायची. त्याच दुकानदाराला पुन्हा चाळीस टोपल्या पाठवल्या, या वेळी एकात एक रचूनच टेम्पोत भरल्या.

सासूबाई पट्टीला हात लावत नाहीत. जावेनं एकदा त्यांच्या नकळत त्यांच्या दहा कामट्या खाचेतून काढून पाहिल्या. नऊ नेमक्या बसल्या. दहावी अडकली, ती घेऊन ती त्यांच्याकडे गेली. सासूबाईंनी ती अंगठ्याखाली फिरवली, मग खांबाकडे पाहिलं.

“लोहाराले सांग,” त्या म्हणाल्या, “खाच अरुंद झाली.”