आधी दहा लाख मुलांचं होऊ दे

हे वाक्य माझंच. डिसेंबर 2021, रात्रीचे साडेदहा, मी ओटा पुसत होते आणि नवरा फोनवर अपॉइंटमेंटच्या तारखा बघत होता. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीची कोविडची लस आम्ही राहतो त्या देशात (भारतात नव्हे) नुकतीच सुरू झाली होती आणि आमचे चिरंजीव सहा वर्षांचे. "शनिवारी सकाळची वेळ मिळतेय, घेऊ?" त्यानं विचारलं. मी फडका पिळत म्हटलं, "आधी दहा लाख मुलांचं होऊ दे. मग बघू."

तो हसला, कारण त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते.

एक सांगते, नाहीतर गैरसमज व्हायचा. मी लसविरोधी वगैरे अजिबात नाही. माझ्या स्वतःच्या दंडावर लस घ्यायची वेळ आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाही वर करून बसले होते. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर एकही रकाना रिकामा नाही. गोवराची, पोलिओची, धनुर्वाताची लस देताना बरोबर येणारं माहितीपत्रक मी आयुष्यात एकदाही उघडून वाचलेलं नाही. कार्डावर तारीख आली की उचललं पोराला आणि नेलं. आई फोनवर तेच म्हणाली, "तुझ्या वेळी मी कधी कुणाला काही विचारलं नाही गं. तुला एवढे प्रश्न कुठून पडतात?"

प्रश्न पडतात ते नोकरीतून. मी विमा कंपनीत आहे, दाव्यांच्या विभागात. 'हजारात एक' म्हणजे काय ते आम्हाला कागदावर दिसत नाही, टेबलापलीकडे बसलेलं दिसतं. तो एक रोज कुणीतरी असतोच. त्यामुळे 'फार दुर्मीळ' हे शब्द ऐकून मला कधी धीर येत नाही.

तर मी चाचणीचे आकडे काढून बसले. फायझरच्या लसीची या वयोगटातली मुख्य चाचणी 2,268 मुलांवर झाली होती. त्यातल्या 1,517 जणांना खरी लस, बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. लस घेतलेल्यांत कोविडचे 3 रुग्ण निघाले, न घेतलेल्यांत 16. संख्येनं निम्म्या असलेल्या गटात पाचपट रुग्ण, म्हणजे परिणामकारकता जवळपास 91 टक्के. गंभीर दुष्परिणाम लसीमुळे एकालाही नाही. छान. पण आमच्या धंद्यात एक ढोबळ नियम आहे: अमुक इतक्या जणांत एखादी गोष्ट एकदाही घडली नाही, तर तीनाला त्या संख्येनं भागा, खरी शक्यता जास्तीत जास्त तेवढी असू शकते. तीन भागिले 1,517, म्हणजे सुमारे पाचशेत एक. ती चाचणी मला एवढीच हमी देत होती की पाचशे मुलांमागे एक यापेक्षा वाईट काही नसावं. पाच हजारांत एखाद्याला होणारी गोष्ट तिच्यात बहुधा दिसलीच नसती. माझ्या मुलाच्या शाळेत पाचशेहून जास्त मुलं आहेत.

हे मी नवऱ्याला वहीत लिहून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. पण कोविडचा असा भागाकार केलास का?"

नव्हता केला.

व्हॉट्सॲपवरच्या भीतीबद्दल फार लिहीत नाही. पुढे मुलं होणार नाहीत, डीएनए बदलतो, असलं काहीबाही रोज यायचं. ते वाचून मला भीती वाटली नाही, कंटाळा आला. मला भीती वाटली ती खऱ्या गोष्टींची. 2009 मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा युरोपात पॅन्डेम्रिक्स नावाची लस दिली गेली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2010 मध्ये, फिनलंड आणि स्वीडनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की शाळकरी मुलांमध्ये नार्कोलेप्सीचे, म्हणजे दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याच्या आजाराचे रुग्ण वाढलेत. फिनलंडच्या हिशेबानं चार ते एकोणीस वयाच्या साधारण 16,000 लसवंत मुलांमागे एक. हा आजार जन्मभराचा आहे. साथ, घाईची लस, लहान मुलं आणि महिन्यांनंतर उघडकीला आलेला दुष्परिणाम: माझ्या सगळ्या शंकांना बसायला हे एकच उदाहरण पुरेसं होतं. ते मी ढालीसारखं वापरलं. कुणी लसीचा विषय काढला की मी फिनलंडला पोचलेली असायचे.

आता मागे वळून बघते तेव्हा त्या ढालीत एक भोक दिसतं. 16,000 मुलांमागे एक हा आकडा कळला कसा? लाखो मुलांच्या आयांनी आपापली पोरं नेली म्हणून. 'आधी दहा लाख मुलांचं होऊ दे' म्हणजे काय? मी मांडी घालून बसते, दहा लाख बायका आपापल्या मुलांच्या बाह्या वर करतील, रात्री उठून कपाळाला हात लावून बघतील, आणि मग मी त्यांच्या रात्रींची बेरीज बघून ठरवीन. हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं, पण मी त्याच्याकडे काणाडोळा केला. सगळेच थांबले तर माझा आकडा कधीच तयार होणार नाही, हे कळायला विमा कंपनीत नोकरी लागत नाही.

त्या काळात रात्री वाचता वाचता मला बेंजामिन फ्रँकलिन भेटला. विजेचा पतंगवाला, तोच. 1736 साली त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या रोगानं गेला. तेव्हा आजच्यासारखी लस नव्हती. देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत मुद्दाम टोचायचे, म्हणजे सौम्य आजार होऊन माणूस कायमचा सुटायचा. सुटला तर. 1721 च्या बॉस्टनमधल्या साथीत देवी आलेल्यांपैकी 14 टक्के लोक मेले होते, टोचून घेतलेल्यांपैकी साधारण 2 टक्के. दोन टक्के! आजची कुठलीही लस त्या आकड्याच्या जवळपास आली असती तर मीच पहिली फलक घेऊन रस्त्यावर उतरले असते. फ्रँकलिनला हे आकडे ठाऊक होते आणि तो टोचण्याच्या बाजूचा होता. पण मुलाला हगवण लागली होती. अंगात जरा ताकद येऊ दे, मग टोचू, असं म्हणून तो थांबला होता. तेवढ्यात देवीनं गाठलं. वर गावात अफवा उठली की पोर टोचण्यामुळेच गेलं, आणि ते खोटं आहे हे बापाला वर्तमानपत्रात छापून सांगावं लागलं.

म्हातारपणी आत्मचरित्रात त्यानं यावर थोडंसंच लिहिलंय. आपल्या हातून टोचलं आणि मूल गेलं तर स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही, या विचारानं जे आईबाप थांबतात त्यांच्यासाठी म्हणून तो हे सांगतो: न टोचण्याचा पश्चात्तापही तेवढाच जाळतो, मग निदान जास्त सुरक्षित तो रस्ता तरी धरा. हे वाचून मी फोन उलटा ठेवला. माझी भीती त्यानं सव्वादोनशेहून जास्त वर्षं आधी शब्दांत मांडून ठेवली होती. मला लसीची भीती वाटत नव्हती. माझ्या हाताची वाटत होती. कोविड झाला तर तो हवेतून येणार, शाळेतून येणार, कुणाच्या तरी शिंकेतून येणार. लसीला मात्र मी त्याचं बोट धरून नेणार.

एवढं कळूनही मी अपॉइंटमेंट घेतली नाही, हेही सांगायला हवं. माणूस काही एका परिच्छेदानं बदलत नाही.

31 डिसेंबरला मला हवा होता तो आकडा आला. अमेरिकेत 19 डिसेंबरपर्यंत या वयाच्या मुलांना सुमारे 87 लाख डोस देऊन झाले होते, आणि त्यांत हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या तपासून पक्क्या झालेल्या नोंदी होत्या 11. अहवाल लिहिला तेव्हा त्यांतली सात मुलं बरी झाली होती, चार बरी होत होती. माझ्या दहा लाखांच्या अटीपेक्षा कितीतरी जास्त. मी नवऱ्याला म्हटलं, "घे वेळ." आता वेळ मिळत नव्हती. सगळ्या सावध आयांचं समाधान बहुधा एकाच आठवड्यात झालं असावं. मिळाली ती 22 जानेवारीची.

12 जानेवारीला संध्याकाळी चिरंजीव शाळेतून आले आणि बूट न काढताच सोफ्यावर आडवे झाले. रात्री ताप 103. पहाटे तीनला खोकला असा सुरू झाला की आधी मला वाटलं खाली कुत्रं भुंकतंय. कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या अवतारात लहान मुलांना होणारा हा भुंकरा खोकला नंतर बऱ्याच जणांकडून ऐकला. श्वास आत घेताना त्याच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. तो खळगा मी पहाटेपर्यंत बघत बसले. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, सूज उतरली, चौथ्या दिवशी तो गादीवर उड्या मारत होता.

म्हणजे काय सिद्ध झालं? काहीच नाही. बहुतेक मुलं बरी होतात, तसा तोही झाला. वेळेवर लस दिली असती तरी ओमायक्रॉननं त्याला गाठलं असतं कदाचित; लागण रोखण्यात लस या नव्या अवतारापुढे कमी पडत होती, हे तोवर दिसू लागलं होतं. लस घेतली नाही म्हणून अद्दल घडली, अशी गोष्ट मला सांगता येणार नाही.

पण एक गोष्ट मी वहीत मांडली नव्हती. लसीच्या दुष्परिणामाची वाट बघायची तर डॉक्टर सांगतात, पहिले काही दिवस लक्ष ठेवा. कोविडनंतर मुलांना होणारा तो सर्वांगाच्या दाहाचा आजार, एमआयएस-सी, येतो दोन ते सहा आठवड्यांनी. मूल बरं होऊन खेळायला लागल्यावर. ताप, लाल डोळे, पुरळ, पोटदुखी. तोही दुर्मीळच. पण सहा आठवडे मी रोज सकाळी त्याला खिडकीपाशी नेऊन डोळ्यांत बघत होते. त्याचं पोट दुखलं की माझ्या पोटात गोळा. एकदा तळहात लाल दिसले म्हणून ऑफिसातून निघून शाळेत गेले. लाल स्केचपेन फुटलं होतं. थांबायचं ठरवलं होतं ते मन शांत राहावं म्हणून, आणि ही अशी शांतता पदरात पडली.

यानंतर गंमत झाली. नवरा म्हणायला लागला, "आता होऊन गेलाय ना, मग लस कशाला?" आणि मी त्याला समजावत होते की एकदा झालेल्या आजाराचं कवच कायम टिकत नाही, दोन्ही मिळून जास्त बरं. भांडण तेच, फक्त बाकं बदलली होती. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे दोघं गेलो. त्यांनी आकडे काढलेच नाहीत. माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही देताय ते मुलासाठी, का मागच्या वेळचं मनाला लागलंय म्हणून?" मी खरं बोलले, "दोन्ही." त्या म्हणाल्या, "चालेल. तीन महिने होऊ द्यात, मग या."

एप्रिलमध्ये गेलो. बाटलीचं झाकण नारिंगी होतं. मोठ्यांची आणि मुलांची लस एकमेकींत मिसळू नये म्हणून रंग वेगळा. मोठ्यांना 30 मायक्रोग्रॅम, मुलांना 10. सिरिंजमध्ये 0.2 मिलिलिटर होतं, चहाच्या चमच्यात असे पंचवीस डोस मावतील. ज्याच्यासाठी मी वही भरली ते सुईच्या वर एवढंसं थरथरत होतं. त्यानं विचारलं, "आई, तू तुझ्या वेळी रडली होतीस?" मी नाही म्हटलं. "आणि आता?" आता नाकात जरा पाणी होतं, ते मी पुसलं.

पुढच्या दिवशी एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिची मुलगी त्याच महिन्यात पाच पूर्ण झालेली. 'तुझ्या मुलाचं झालं ना? काही त्रास?' तिनं आणखी किती जणींना विचारलं असेल, याचा मला अंदाज होता.

मी लिहिलं: 'दंड दुखला, उचलताना कुरकुर. रात्री ताप 100, एकदा औषध दिलं. सकाळी नॉर्मल. उद्या परत सांगते.'

आणि दुसऱ्या दिवशी, न विचारता, परत सांगितलं.