वेताळ टेकडी ते ताम्हिणी: रोपं मोजायची फेरी

श्रावणात ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्या धबधब्यांसाठी असतात. ही फेरी वीतभर रोपांसाठी होती. एक सकाळ पुण्यातली वेताळ टेकडी, दुसरा दिवस ताम्हिणी घाट. अंतर पन्नास-साठ किलोमीटर, पण शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि घाटात 5000 च्या वर.

टेकडीवर मुरूम, माती जेमतेम चार बोटं. इथली नेहमीची चूक म्हणजे गिरीपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) फुटवे रोपं म्हणून मोजणं. बुडाशी माती हलकेच सारा. जाड, जुनं खोड लागलं तर फुटवा. खोड खालपर्यंत बारीक आणि वर बीजदलं (बीतून आधी निघणारी दोन दलं) किंवा त्यांचे वण दिसले, तर रोप. उंबराची बी मोहरीहून लहान, आत साठवलेली अन्नाची शिदोरी जवळजवळ नाहीच. म्हणून तिचं रोप कातळाच्या ओल्या, उजेडातल्या भेगेत सापडतं. पाचोळ्याच्या जाड थराखालून ते वर येऊच शकत नाही.

ताम्हिणीत उलट. दाट सावलीत, पाचोळ्यातून मोठ्या बियांचे आंबा आणि जांभूळ सरळ वर आलेले. आंब्याच्या रोपाला कोय अजून चिकटलेली असते, ती ओढून काढू नका. पहिले काही आठवडे रोप तिच्यावरच जगतं. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात, ते एकच बी म्हणून नोंदवा. नाहीतर आकडे फुगतात.

पहिल्या पावसात मोजलेली उंची मुख्यतः बियांच्या शिदोरीची असते, जागेची नाही. जागा कशी आहे हे पुढचा उन्हाळा सांगतो. त्यामुळे नुसती उंची लिहून भागत नाही: जमिनीलगत खोडाची जाडी (व्हर्निअर या बारीक मापाच्या मोजपट्टीने), पानांची संख्या, वर आभाळ किती दिसतं, पाचोळा किती बोटं, एवढं हवंच. एक मीटरची चौकट दोरीने आखा, रोपाशेजारी खुंटीला ॲल्युमिनियमची पट्टी बांधा. पट्टी खोडाला बांधली तर खोड आवळतं.

ताम्हिणी अभयारण्य आहे: वनखात्याची परवानगी आधी घ्या, रोप उपटू नका, शनिवार-रविवार टाळा. पेन्सिल न्या, पेनाची शाई पावसात वाहून जाते.

मेच्या अखेरीस परत या. टेकडीवर पळस किंवा सालईचा शेंडा वाळलेला दिसला, तरी लगेच ‘मेलं’ लिहू नका. बुडाशी नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल, तर पावसाळ्यात तिथूनच फुटतं.